रजयांमागची बंदूक

४ नोव्हेंबर
थंडीच्या रजया काढायला कपाटाच्या वरच्या खणात हात घातला, तर कोपराला लोखंड लागलं. बाबांची बंदूक! सासरे तीस वर्षं बँकेच्या दारात पहाऱ्याला होते, तेव्हाची ती. तिच्यासाठी भिंतीत ठोकलेली लोखंडी पेटी आहे, कुलपासकट. आणि ही रजयांमागे — ज्या कपाटात धाकटी लपाछपी खेळते!

"रिकामी आहे गं," म्हणाले. गॅस बंद केलाय असंही रोज म्हणतात.

५ नोव्हेंबर
पेटीची किल्ली मागितली. "आठवत नाही." ह्यानेही, माझ्या नवऱ्याने, म्हणे पूर्वी दोनदा मागितली होती, तेव्हाही तेच. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, किल्ली कुठली सापडायला!

दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर मी झोपेची गोळी देते, ती चिठ्ठी तपासून, वहीत नोंद करून. कपाटाला दोन कुलपं. माझ्याच घरात मात्र आंधळं दळतंय.

११ नोव्हेंबर
बंदुकीच्या लायसन्सचं नूतनीकरण, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय बाबा, ठीक?" "ठीक." झालं, प्रकृती उत्तम असल्याचा शिक्का! डोळे तपासले नाहीत, थरथरणारे हात पाहिले नाहीत. मी बोलले तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार मनावर घेता." घेणारच. मुलगी माझी आहे.

१२ नोव्हेंबर
लायसन्सच्या कार्यालयात तक्रार दिली. घरभेदी म्हणा हवं तर.

२६ नोव्हेंबर
तपासणीवाले आले. बाबांना तारीख विचारली, बाबा आठवडाभर मागे. बंदूक ठाण्यात जमा, लायसन्स रद्द. वारस मुलाला अर्ज करता येईल, असं सांगून गेले.

बाबांनी ताट तसंच सरकवलं. "तू हे काय केलंस?" एवढंच म्हणाले. वाईट वाटलं. पण चूक माझी नाही!

२ डिसेंबर
ह्याने अर्ज भरला. "घरची वस्तू घरात राहील." दुकान बंद पडल्यापासून, दोन वर्षांत, ह्याने एखादी गोष्ट अशी अंग झाडून केलेली पाहिली नव्हती. पेटीला नवं कुलूपही आणलं. हात स्थिर, नजर साफ — निदान कुलूप तरी लागेल.

तिसरा रकाना : मानसिक आजारावर उपचार झाले आहेत का? ह्याने 'नाही' लिहिलं. खाली बायकोची सही हवी होती. ती दिली. दुकान बंद पडलं तेव्हा ह्याला सहा महिने गोळ्या चालू होत्या खऱ्या, पण त्या झोपेसाठी. झोप कोणाची उडत नाही?

९ डिसेंबर
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातचा चहासुद्धा नको. म्हातारपणाचा हट्ट म्हणायचा की माज?

१८ डिसेंबर
अर्ज मंजूर. उद्या अकराला बंदूक ताब्यात मिळणार, नवी काडतुसंही. हा शीळ घालत दाढी करत होता. चला, एकदाचं घर नियमात बसलं.

१९ डिसेंबर, सकाळचे साडेनऊ
हा अंघोळीला गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून किल्ली काढून ओट्यावर ठेवली. पेटीची. हरवलीच नव्हती!

"दुकान बंद पडलं त्या महिन्यात भर दुपारी त्यानं ही मागितली. कशाला विचारलं, तर म्हणाला, तुम्हाला कोणाला त्रास होणार नाही, बाबा. काडतुसं मी त्याच आठवड्यात ठाण्यात जमा करून आलो. बंदूकही दिली असती तर वारस म्हणून लायसन्स त्याच्याकडे गेलं असतं. म्हणून रजयांमागे ठेवली. रजया ह्या घरात तुझ्याशिवाय कोण काढतं? तुला सांगायला जीभ रेटली नाही, पोरी."

ह्याच्या त्या सहा महिन्यांच्या गोळ्या मी माझ्याच खिडकीवरून दिल्या होत्या. चिठ्ठी नवऱ्याची म्हणून वाचलीच नव्हती.

नळ अजून चालू आहे. कार्यालय दहाला उघडतं. बाबांना ह्याच्याजवळ बसवून निघतेय, तिसऱ्या रकान्याखालची माझी सही मागे घ्यायला.