दहातले दोन छर्रे

३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार वर्षांनी लिहितोय. फोन तू उचलत नाहीस, पत्र निदान फाडायच्या आधी वाचशील. कारण तसं क्षुल्लक आहे. आमची ठकी बारा वर्षांची झाली, उंचीनं आईला गाठलं. तिला शाळेत जायला सायकल हवी, आणि हवी ती माझीच, बाल्कनीत टांगलेली. सहा वर्षांपूर्वी चाक अडकून मी पडलो तेव्हापासून त्या सायकलला कोणी हात लावलेला नाही. माझं कोपर जसं पुरतं सरळ होत नाही, तसं तिचं पुढचं चाक अर्धा फेरा घेऊन कचकन अडकतं.

नवं चाकच घ्यावं तर ठकी म्हणते, आजोबांनी बांधलेलं तेच राहू दे. म्हणून हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, छर्रे तेवढे घरीच बदलतो. दुकानदारानं भारीतले दिलेत, पाकिटावर लिहिलंय की नेहमीच्यापेक्षा जास्त गोल! कारखान्यात मापं तपासण्यात जन्म चाललाय, पण गोलाहून गोल काही पाहिलं नव्हतं. छर्ऱ्यांना दाबून धरणारा तो आसावरचा कोन किती आवळायचा हे मात्र बाबांनी तुलाच शिकवलं, मी पुस्तकात डोकं घालून बसायचो. सांगशील?

चाक झालं की ठकीला घेऊन एकदा घरी यावं म्हणतो. बाबा गेले त्या दिवशी उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस म्हणाली होतीस. अजून तसंच आहे का?

दोन ओळींची वाट पाहणारा,
धाकटा


११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र फाडलं नाही. वाचून झाल्यावर फाडावंसं वाटलं. म्हाताऱ्याचे हात गेलेत, कोणाचा जीव जायच्या आत दुकान बंद करा, असं तू पडलास त्या दिवशी बाबांच्या सायकलच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर बोललास, आणि आता त्याच हातांचं चाक जपायला निघालास. याला वरातीमागून घोडं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पाटी उतरवली. पुढची दोन वर्षं खिडकीत बसून रस्त्यावरच्या सायकलींचे आवाज ऐकायचे आणि कुठल्या चाकात काय बिघडलंय ते ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. पान्याला हात लावला नाही. तुझ्या जिभेनं ते गेले, हे मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते.

आता ठकीसाठी सांगते. बुटपॉलिशच्या डबीचं झाकण घे, बाबा घ्यायचे तसं. कोन काढलास की जुने छर्रे त्यात पाड. एका बाजूला दहा असतात. छर्रे बसतात ती हबमधली वाटी चिंधीनं लख्ख पूस, ग्रीस भर, त्यात नवे दहा बसव. जुना-नवा मिसळू नकोस. बाबांचा नियम आठवतोय ना, एक हरवला तर दहाही टाकायचे. कोन हातानं टेकेपर्यंत फिरव, मग जरासा मागे घे. चाक किंचित ढिलं वाटेल, वाटू दे. बाहेरचा नट आवळला की तेवढा खेळ जातो. आधीच घट्ट केलंस तर छर्रे रडायला लागतात.

येण्याचं विचारू नकोस. ठकीला पापा.

लोभ आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.
ताई


१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

रविवारी चाक उघडलं. उजव्या बाजूचे छर्रे झिजलेत, पण दहाही शाबूत. डाव्या बाजूचा एक फुटलाय, त्याच्या तुकड्यानं वाटी खरवडली. ती दुसरी मिळाली, ठोकून बसवली.

सवय वाईट. जुने छर्रे कारखान्यात नेऊन मोजले. डावीकडचे आठ एका मापाचे. फुटलेला आणि दुसरा एक, असे दोन केसभर मोठे. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही, पण सगळा भार त्या दोघांवरच यायचा.

बाबांचे हात कापत असते, तरी त्यांनी दहात दोन परके घातले नसते. त्यांच्या नियमाची आठवण तूच करून दिलीस. मी पडलो त्या दिवशी सकाळी सायकल दुकानात ठेवली, चारला हवी म्हणालो. तिथे तुम्ही दोघंच होता. ताई, चाक कोणी भरलं?

उत्तर पाठवच.
धाकटा


२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

मी भरलं.

बाबा चाकांच्या तारा आणायला बाजारात गेले होते. एकटीनं करून दाखवायची हौस आली. झाकण कलंडलं आणि दोन छर्रे घरंगळत गटारात गेले. हरवले म्हणून सांगायची लाज वाटली. डब्यातून त्यांच्यासारखे दोन उचलून घातले. चाक छान फिरलं. बाबांनी येऊन फिरवून पाहिलं आणि पाठीवर थाप दिली.

तू गळ्यात हात बांधून आलास आणि नाही नाही ते बोललास. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाले, माझ्याच हातून राहिलं. मी तोंडाला कुलूप लावून उभी. नंतर त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. पाटी उतरवताना स्टूल मीच धरलं होतं.

ते गेल्यावर तुला शिव्या घालणं सोपं पडलं. पण शब्द तुझेच होते धाकट्या, ते काही मी तुझ्या तोंडात घातले नव्हते.

ठकीला घेऊन ये. दार उघडं आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई


१० नोव्हेंबर

ताईस,

चाक झालं. तू सांगितलास तेवढाच खेळ ठेवला. ठकी कालपासून शाळेत सायकलवर जाते. कसलाही आवाज येत नाही.

शब्द माझे होते, ते नाकारत नाही. बाबा खिडकीत बसायचे तेव्हा मी तीनदा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि परतलो. वाटायचं, त्यांचे हात खरंच गेलेत आणि ते मी चारचौघांत बोलून दाखवलं. आता कुठल्या तोंडानं समोर जाऊ? त्या दोन वर्षांत तू एक ओळ लिहिली असतीस तर मी धावत आलो असतो. पाटी आपण दोघांनी मिळून परत लावली असती.

ठकी आत्याला भेटायचं म्हणते. तिला अडवणार नाही, जरा मोठी झाली की एकटी येईल. मी येणार नाही.

सोबत पुडी आहे. एक अख्खा छर्रा आणि एकाचे तुकडे. सहा वर्षं माझ्याकडे होते, आता तुझ्याकडे असू देत.

धाकटा