हिरवा, पिवळा, निळा, जांभळा

सर, काल दुपारी आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूने तुमची ओळ दुरुस्त केली. मी पडवीत ॲम्प्लिफायर उघडून बसलो होतो. भिंगाखाली एकेक रेझिस्टन्स धरून त्याच्यावरचे रंगीत पट्टे वाचत होतो, आणि ओठांतल्या ओठांत नेहमीसारखं चाललं होतं, काळा तपकिरी तांबडा नारिंगी, हिरवा पिवळा निळा जांभळा. हा भाडेकरू लातूरकडचा, कंपनीचं काम घरी बसूनच करतो. चहाचा कप घेऊन जिन्यात उभा होता. म्हणाला, "काका, क्रम चुकतोय तुमचा. यलो आधी, मग ग्रीन." मी म्हटलं, ओळ अशीच आहे. "ओळ असेल हो काका, पण रेझिस्टन्सला कुठं माहितीये ते?" बरोबर होतं त्याचं. तरी मला इतका राग आला की हातातला चिमटा खाली ठेवावा लागला. आतून आमच्या मंडळींनी आवाज दिला, "त्यास्नी नगं सांगूस बाबा. ते अजून त्यांच्या सरांच्या वर्गात बसल्यात."

बसलोय खरा. पत्र्याखालचा तो आठवीचा वर्ग, खिडकीबाहेर भाताची खाचरं, आणि तुमचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत येऊन थांबणारा. मी पाचव्या बाकावर. कवितेचा तास लागला की मी सरकत सरकत पुढे येऊन कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून बसायचो. तुम्ही डोळे मिटता, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहतो, आणि ओळ कुठे अडली की म्हणता, "कानाला विचारा." एकदा मी शाबासकीच्या आशेने कविता खच्चून म्हटली होती. तुम्ही जवळ आलात, आणि मला वाटलं आता पाठीवर थाप पडणार. तुम्ही म्हणालात, "ओरडू नकोस. कवितेला ऐकू येतं." वर्ग हसला. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन गेलो आणि अजून परत केलेलं नाही.

तुम्ही निवृत्त होणार हे कळलं तेव्हा मी पुण्याच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरची वेटोळी भरत होतो. कुणीतरी सांगितलं की सर निरोपाच्या दिवशी स्वतःची कविता म्हणणार आहेत. तुम्ही कविता लिहिता हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं की त्या दिवशी तुमचा आवाज शाळेच्या कुंपणापर्यंत गेला पाहिजे. एका मासिकातला ॲम्प्लिफायरचा नकाशा होता तीस वॉटचा. मी त्यात दांडगे ट्रान्झिस्टर घातले, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून थंड राहण्यासाठी पंख लावले आणि शंभराचा केला. बारीकसारीक भाग भंगारातल्या रेडिओंमधून उपटलेले. ते ओळखायचे तर रंगांचा क्रम पाठ हवा, कारण शून्यापासून नवापर्यंत एकेका आकड्याला एकेक रंग आहे. दुकानदाराने दहा रंग चिठ्ठीवर लिहून दिले होते. माझ्या डोक्यात ते काही राहीनात, म्हणून चिठ्ठी घेऊन मी तुमच्याकडे आलो.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं मला. बाई माहेरी गेलेल्या, तुम्ही स्टोव्हवर पोहे परतत होतात. उलथनं हातात धरून तुम्ही चिठ्ठी वाचलीत, एकदा, दोनदा, मग अंगठा पेरांवर चालू झाला. "पिवळा हिरवा निळा जांभळा... हिरवा मध्येच खटकतोय रे. त्याला अलीकडे घे, मग बघ. हिरवा, पिवळा, निळा, जांभळा." तीन ळा एकामागून एक आले, ओहोळ दगडांवरून उतरावा तसे. मी एकदाच ऐकली ओळ आणि ती पाठ झाली. पोहे खाली थोडे लागले होते, ते तुम्ही स्वतःच्या बशीत घेतलेत.

एका जागी मला एक लाख ओहमचा रेझिस्टन्स हवा होता. एकावर शून्य, आणि पुढे अजून चार शून्यं. काळ्याला शून्य धरून मोजलं तर तुमच्या ओळीत चौथा हिरवा. खऱ्या क्रमात हिरवा पाचवा. मी हिरव्या पट्ट्याचा लावला, म्हणजे दहा लाखाचा. आणि जागा कुठली, तर यंत्राला आवर घालणारी. बाहेर पडणारा आवाज थोडा मागे आणून यंत्राला सांगायचं, पुरे, एवढंच वाढव, हे त्याचं काम. तो आवरच सुटला. घरी रेडिओ जोडून अगदी बारीक लावून पाहिला तर पडवी भरून गेली. मला वाटलं, मी कमाल केली.

निरोपाच्या दिवशी शाळेशेजारच्या गिरणीतून वायर ओढली होती. भातं कापून झालेली, ऊन कोवळं, पार भरे गावापासून माणसं आलेली, मागे बाया पदर घेऊन बसलेल्या. तुम्ही खिशातून घडी घातलेला कागद काढता, माइकजवळ येता, "आज" म्हणता, आणि यंत्र किंचाळतं. असं की झाडावरचे पक्षी उठले. मग स्पीकरमधून धूर. मी खाली वाकून वायरी ओढतोय, फ्यूज काढतोय, बोटं भाजतायत, आणि तुम्ही माइक बाजूला ठेवून तशीच कविता म्हणायला लागलात, तुमच्या तिसऱ्या बाकापर्यंतच्या आवाजात. मागून एक म्हातारी बोलली ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. "मास्तर तोंड हलवत्यात, पर ऐकू कायबी येत न्हाई." बाया उठायला लागल्या. मी मान वर केली तेव्हा तुम्ही कागदाची घडी घालत होतात. माझ्याजवळ येऊन म्हणालात, "तुझ्या यंत्राने फार थोडक्यात भाषण केलं." आणि हसलात. मला त्या हसण्याचं आजही काय करावं कळत नाही.

आठ दिवसांनी मीटर मागून आणलं आणि चूक सापडली. तुम्हाला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, ठेवलं. मी कविता मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हटली ना त्या दिवशी. पुन्हा म्हणायची नव्हती ती." पुढे तुम्ही थकलात, पौडला मुलाकडे राहायला गेलात. एका रविवारी मी ठरवून आलो, की आज सांगायचंच. तुम्ही खाटेवर उठून बसलात आणि शेजारच्या गृहस्थांना अभिमानाने सांगितलंत, "हा यंत्रं बनवतो. त्याच्या शास्त्रात माझी एक ओळ आहे बरं का." आणि म्हटलीत. पेरांवर अंगठा, डोळे मिटलेले. गृहस्थ वा म्हणाले. मीही वा म्हणालो. चहा पिऊन घरी आलो. तीच आपली शेवटची भेट.

आता हा नवा दोनशे वॉटचा. मंडळी विचारतात, दोन माणसांच्या घराला दोनशे वॉट कशाला लागत्यात? कासार आंबोलीच्या बंगल्यांतून शनिवारची धडधड इथवर येते, तसलं काही मला करायचं नाही. सर, मोठा ॲम्प्लिफायर मोठ्याने वाजवायला नसतोच. हळू वाजवताना त्याला धाप लागत नाही, म्हणून तो हवा. हलका आवाजसुद्धा कसा भरून, अंगासकट येतो. तुम्ही कवितेचं म्हणायचात तसंच. त्याच्यासमोर बसलो की वाटतं, तुमच्यासारख्यासाठीच तो होता. फक्त तेव्हा मला नीट जमला नाही.

आज सकाळी यात आवराच्या जागचा रेझिस्टन्स लावला. पिवळ्या पट्ट्याचा, मीटरवर दोनदा तपासून. भाडेकरूला बोलावून दाखवलाही. "आता बरोबर, काका," तो म्हणाला. कथलाचा डाग देताना तोंडात मात्र तुमचीच ओळ होती. इतकी वर्षं खऱ्या क्रमाची ओळ जुळवू पाहतोय, हिरवा दर वेळी खटकतो.

हा कागद यंत्राच्या झाकणाखाली ठेवणार होतो, पण तिथे तापतं. रेझिस्टन्सच्या खोक्यात ठेवतो, हिरव्या आणि पिवळ्याच्या कप्प्यांमध्ये जागा आहे.

एक राहिलं. इतकं लिहिलं त्यावरून कुणालाही वाटेल की ओळ तुम्ही बिघडवलीत. मीही बरीच वर्षं मनाला तसंच सांगत आलो. पण त्या दिवशी पोहे परतता परतता तुम्ही विचारलं होतंत, "हे पुढेमागे केलं तर चालेल ना रे? क्रमाला काही अर्थ नाही ना?" दुकानदाराने बजावलं होतं मला, क्रम चुकवायचा नाही. पण ओळ फार गोड झाली होती. मी म्हणालो, "नाही सर."