दोन चाळीसचा आकडा

दि. १२, सोमवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझं सगळं बदललं. आधी वाटलं, चांगल्यासाठी. तुझा फोन बंद आहे. अनोळखी लोक फोन करकरून शिव्या देतात, म्हणून पत्रच लिही, असं भाऊजी म्हणाले. तर लिहितो. मध्येच फाडू नकोस.

तुला माहीतच आहे, वाहिनीत माझं काम पडद्याखालची पट्टी भरायचं. मतमोजणीच्या दिवशी बातमीदार आकडा कळवतो, मी टाकतो, ती वाचते. ती म्हणजे तीच, जिच्यामागे मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा सोडून इथे आलो आणि तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. समोरच्या भिंतीवर दुसऱ्या वाहिन्या लावलेल्या असतात. त्यांचा आकडा पुढे गेला की आमचे साहेब, ज्यांना आम्ही भोंगा म्हणतो, ओरडायला लागतात. मग आम्ही अंदाजाने भरतो. बाराशेची आघाडी असली तर दोन हजार लिहायची, पुढच्या फेरीत खरा आकडा येऊन गाठतोच. सगळे हेच करतात. मलाही त्यात कधी काही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी तुझ्या मतदारसंघाचा आकडा अर्धा तास हलला नव्हता. बातमीदाराचा फोन लागेना. ती माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये कळवळून म्हणाली की बोलायला काही उरलं नाही, काहीतरी दे. भोंगे म्हणाले की वकीलबाई जिंकल्यातच जमा आहेत, टाकून दे. मी टाकलं: वकीलबाई विजयी, चार हजार दोनशे मतांनी. पाच फेऱ्या बाकी होत्या, ताई. चार हजार दोनशे कुठून आले म्हणशील तर माझ्या डोक्यातून. तिने ते वाचलं आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी तासभर जमिनीवर नव्हतो.

सहाला त्यांच्याविरुद्ध उभे असलेले डॉक्टर तीनशे अकरा मतांनी जिंकले. आमचं चुकलं म्हणायचं सोडून भोंग्यांनी ‘विजय पळवला का?’ असा कार्यक्रम लावला. आणि पडद्यावर मोजणीला बसलेली तू. सात नंबरच्या टेबलावर मतपत्रिकांचा गठ्ठा एका ढिगातून उचलून दुसऱ्यात ठेवताना, तोंडाभोवती लाल गोल. चाळीस वेळा दाखवलं. मी तिथेच बसलो होतो आणि ही माझी बहीण आहे, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

काय करू ते सांग. येऊन तुझ्या दारातल्या टोळक्याची डोकी फोडू का?

हवं तेवढं रागाव, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा,
भडक्या


दि. १५, गुरुवार

चि. भडक्यास,
अ. आ. वि. वि.

पत्र फाडलं नाही. भाऊजी फाडणार होते, मी हिसकावून घेतलं. डोकी फोडायला येऊ नकोस. तुझं एक नाजूक डोकं आहे, ते राहू दे.

शाळेने पुढचं कळवेपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलंय. घराच्या फाटकासमोर सकाळपासून पंधरा-वीस माणसं उभी असतात. शिव्या देणाऱ्यांची सवय झाली. पण त्यांच्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई असते. ती बोलत नाही, नुसती बघते. काल खिडकीतून तिला सांगितलं की तो गठ्ठा डॉक्टरांचा होता, चुकून वकीलबाईंच्या ढिगात पडला होता. दोघांच्याही माणसांना दाखवून, त्यांच्या सह्या घेऊन मी तो जागेवर ठेवला. तिने शांतपणे विचारलं की मग त्याच्या आधीच वकीलबाई जिंकल्याचं टीव्हीवर कसं आलं होतं.

चौकशी २३ला तुमच्या शहरात आहे. त्यांचाही हाच प्रश्न. वकीलबाईंचा माणूस आता म्हणतो की सही दबावाखाली केली. आणि तुमच्या वाहिनीने लिहून दिलंय की आकडा मोजणीच्या दालनातल्या सूत्रांनी दिला. म्हणजे असं ठरतं की बाई खरंच पुढे होत्या आणि मी त्यांना मागे ढकललं. नोकरी जाईल, वर गुन्हा दाखल होईल.

तू येऊन खरं सांगशील याची मला खात्री आहे. पण तू माझा सख्खा भाऊ. तुझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? तुझे भोंगे तर बोलणार नाहीत. उरली तुझी ती काचेतली. आकडा तिने मागितला आणि तू मनाने दिलास, एवढं तिने सांगितलं तर पुरे. तिला विचार. भडकून नको आणि विरघळूनही नको.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला मलाही थोडे लागतील.

ताई


दि. १८, रविवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. उपाहारगृहात, कोपऱ्यातल्या टेबलावर. लाल गोलातली ती बाई माझी बहीण आहे म्हटल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझा हात हातात घेतला. तुझ्यावर एवढं बेतलंय आणि हा गाढव त्यातही हुरळला. एक दिवस दे, म्हणाली. दिला.

दुसऱ्या दिवशी ती भोंग्यांचा कागद घेऊन आली. त्यात लिहिलं होतं की तो आकडा मला माझ्या बहिणीने दालनातून फोनवर सांगितला. सही केली की वाहिनी सुटली, आणि मला तिच्याच कार्यक्रमात, तिच्या शेजारची खुर्ची. मी म्हटलं, सगळ्यांचे फोन मोजणीच्या फाटकावरच काढून घेतले होते. तर म्हणाली की तेवढं खोलात कोण जातंय. लोकांचा ना आपल्यावर विश्वास उरलाय ना मोजणीवर, पंधरा दिवसांत विसरतील. हे सांगताना ती त्या कागदाची घडी घालत होती नि उलगडत होती. ती वाईट नाही गं.

सही केली नाही. पण फाडूनही टाकला नाही, खिशात घेऊन फिरतोय. चौकशीत तिचं नाव घेतलं तर तिला समन्स जाईल आणि भोंगे तिला त्याच दिवशी काचेबाहेर काढतील. माझ्याच्याने तिचं नाव घेववत नाही. तू घे म्हणालीस तर घेईन. तू म्हण.

लोभाला पात्र आहे की नाही ते तूच ठरव.

भडक्या


दि. २०, मंगळवार

चि. भडक्यास,
अ. आ.

तिचं नाव घे असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं म्हणून तू घेतलंस, तर ते माझंच बोलणं झालं, आणि माझ्या बोलण्यावर सध्या कुणाचा विश्वास नाही.

काल दगडाने खिडकीची काच फुटली. भाऊजींनी पुठ्ठा लावलाय. ती मुलीची आई आता फाटकाशी येत नाही. तिने मुलीचं नाव शाळेतून काढलं. ती बघत उभी असायची तोवर बरं होतं रे.

अकरा वर्षं मी मतमोजणीला बसतेय. एक मत इकडचं तिकडे झालं नाही. हे कुणाला सांगू?

काहीही ठरवलंस तरी घरी यायचं. दार तुझंच आहे.

ताई


दि. २३, शुक्रवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सकाळी येऊन गेलीस म्हणे. माझी पाळी दुपारी होती.

सगळं सांगितलं, वेळेसकट. अधिकारी भले वाटले. ते भराभर लिहीत होते, मग त्यांनी तुझं-माझं नातं विचारलं. सख्खा भाऊ म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. मी भोंग्यांचा कागद पुढे केला. त्यावर कुणाचीच सही नाही, असला कागद कुणीही छापेल, असं म्हणून त्यांनी तो परत दिला. मग विचारलं की दोन चाळीसचं ते बोलणं आणखी कुणी ऐकलं का.

जिना चढेपर्यंत ठरवलं होतं, नाही म्हणायचं. मग ती शाळा सोडलेली मुलगी आठवली, जिला मी पाहिलेलंही नाही. मी नाव सांगितलं. त्यांनी पेन पुन्हा उचललं.

समन्स सोमवारी जाईल. ते तिला कागदावरून कळायला नको, म्हणून आता तिच्याकडे निघालोय. पत्र तिथून परतल्यावर टाकतो.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
भडक्या

ता. क. पाचच्या बातम्यांआधी ती आरशासमोर होती. सांगितलं. अजून नाव मागे घेता येईल का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं. मग म्हणाली की त्या दिवशी कानात इतके आवाज होते, कोण काय बोललं ते आठवत नाही, असं ती अधिकाऱ्यांना सांगेल. चिडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती अगदी सावकाश म्हणाली, पाठ करत असल्यासारखी. मी भडकलो नाही, ताई. तुझ्यासाठी मला आता आणखी काय करता येईल, ते खरंच कळत नाही. चार मिनिटांत बातम्या आहेत, जाताना दार लाव, असं ती आरशाकडेच बघत म्हणाली. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.