माझे सेल उन्हात

ता. ३, सोमवार. सकाळी.
गॅलरीतली माझी खुर्ची सुनेच्या ट्यूशनच्या पोरांनी पळवली. विचारायची पद्धतच राहिली नाही. असो. वहीबाई, नमस्कार. तुला सुनेच्या कपाटातून उचललंय, तेव्हा गप्प राहा.

मुद्दा असा. काल तिसऱ्या मजल्यावर येताना मी जिन्यात दोनदा बसले. दम लागला म्हणून नव्हे, चपलेत खडा होता. मुलाने पाहिलं आणि थेट डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, अंगात रक्त कमी आहे, नीट जेवा. मुलाने निकाल दिला: सोळा तारखेला, रविवारी, तिन्ही मजले एका दमात चढून दाखव. नाही जमलं तर मुक्काम तळमजल्यावर, धाकट्या जावेकडे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आणि जावेशी मी एकोणीस वर्षं बोलत नाही. कारण आता नीट आठवत नाही, पण चूक तिची होती.

ता. ४, मंगळवार.
सून जीवशास्त्र शिकवते. भिंतीला कान लावावा लागत नाही, तिचा आवाजच तसा आहे. आज पोरांना सांगत होती, माणसाच्या अंगात कोट्यवधी सेल असतात आणि सगळी ताकद त्यांच्यातून येते.
म्हणजे माझे सेल उतरलेत, एवढंच. रिमोटचे सेल उतरले की आपण काय करतो? दुपारभर उन्हात टाकतो, पुढे चार दिवस टीव्ही चालतो. एवढा शिकलेला डॉक्टर, त्याला हे सुचलं नाही!
निश्चय: रोज अकरा ते एक गॅलरीत. कुणाला सांगायचं नाही.

ता. ६, गुरुवार.
आज धड्यात झाड आलं. पानाचा हिरवा रंग ऊन पकडतो, मग झाड पाणी आणि हवा घेऊन आपलं अन्न आपणच तयार करतं. चूल नाही, भांडी नाही, सून नाही. आणि मी आयुष्यभर ओट्याशी उभी!
ट्रंकेतून हिरवा स्वेटर काढून उन्हात बसले. घाम फुटला. मोबाइलसुद्धा चार्ज होताना तापतोच.
अन्न अंगातच तयार होणार, मग वरून आणखी कशाला? दुपारचं ताट परत केलं. सून म्हणाली, आई, दोन घास तरी खा. म्हटलं, पोट भरलंय. खोटं नाही, भरतच असणार.

ता. ८, शनिवार.
ताट हल्ली गॅलरीतच मागवते, जेवतात कावळे. मी एक बिस्कीट खाल्लं. चहाबरोबर, त्यामुळे धरायचं नाही.
नाकाची सालं निघाली. मुलगा म्हणाला, आई, तोंड लाल झालंय तुझं. हिरवं व्हायला वेळ लागतो म्हणा.

ता. १०, सोमवार.
नवा धडा, श्वसन. आपण श्वास घेतो, त्यातल्या ऑक्सिजनने सेलमध्ये साखर जळते. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि पुढचं बुडालं. जेवढं कळलं तेवढं पुरे. जळणं म्हणजे खर्च. आणि मी बाई सकाळपासून श्वास घेत बसलेय! नुसता उधळेपणा.
निश्चय: यापुढे एकाआड एक श्वास.

ता. ११, मंगळवार.
एकाआड एक जमत नाही, मोजताना घोळ होतो. दोनदा भोवळ आली. सेल काठोकाठ भरल्याची खूण असावी.
खाली पेपर आणायला गेले तर दारात जाऊ उभी. ती भिंतीकडे बघून म्हणाली, काही माणसं वाळून काटकी झालीत हो. मीही भिंतीलाच सांगितलं, काही माणसांनी पलंग सरकवायची घाई करू नये. वर येताना चपलेत पुन्हा खडा निघाला, तीनदा.

ता. १३, गुरुवार.
दिवसभर ढग. चार्जिंग बंद. बिस्किटं तीन. ढगाळ दिवसाची धरत नाहीत.

ता. १५, शनिवार.
उद्या. जरा चढून बघ म्हणून मुलगा मागे लागला. भरलेला सेल कुणी उगाच वापरून बघतं का?

ता. १६, रविवार. संध्याकाळी.
मुलगा वर घड्याळ घेऊन उभा, सून माझ्यामागे, ट्यूशनची पोरं कठड्याला लोंबकळलेली. मी हिरव्या स्वेटरमध्ये. दहा पायऱ्या तर अशा चढले की पोरांनी टाळ्या वाजवल्या. अकरावी पायरी माझ्या अंगावर आली. चूक जिन्याची.

डोळे उघडले ते जावेच्या पलंगावर. ती मला चमच्याने साखरपाणी पाजत होती आणि भिंतीला शिव्या देत होती. सुनेनं विचारलं, आई, खाल्लं काय होतंत? मग सगळं सांगावं लागलं. ऊन, रिमोट, स्वेटर, श्वास.
सून आधी हसली, मग रडली, मग शिकवायला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हणाली, अहो आई, हे सेल म्हणजे पेशी. रिमोटचे नव्हेत. उन्हात साखर करणं झाडाला जमतं, आपल्याला नाही. आपण झाडानं केलेलं खायचं, पेशी ते श्वासातल्या हवेनं जाळतात आणि त्यातून ताकद येते. झाडसुद्धा रात्रंदिवस श्वास घेतं! तुम्ही तर चुलीतलं लाकूडही काढलंत आणि वाराही बंद केलात.
म्हटलं, मग धडा चालू असताना कुकर कुणी लावला होता?
मुलगा माझी उशी आणि चष्मा घेऊन खाली आला.

ता. १९, बुधवार. दुपारी. जावेकडे.
इथे खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. ऊन नावाला नाही.
आम्ही अजून बोलत नाही. ती भिंतीला विचारते, आणखी वाढू का, आणि मी ताट पुढे करते. याला बोलणं म्हणत नाहीत. मनात आणलं तर आज वर जाईन, पण लगेच नको. जावेला करमायचं नाही.
मुलगा रोज दुपारी तिसऱ्या मजल्यावरून ओरडतो, आई, जेवलीस का? त्याला उत्तर जावेनंच द्यायचं. माझं तोंड भरलेलं असतं.