हौदातली अंबाडी

सोनई
गुरुवार, ता. ५ डिसेंबर २०२४

प्रिय एस्तेरच्या आईस,
सलाम.

मी खुशाल आहे. तुझी आणि लेकीची खुशाली प्रभूजवळ मागतो. फोन तू उचलत नाहीस, आणि एस्तेर उचलते ती "आई झोपलीय" म्हणते. सकाळी दहाला श्रीगोंद्यात कोण झोपतं? म्हणून हे पत्र. गल्लीतला कल्याण टेम्पो घेऊन तिकडे निघालाय, त्याच्या हाती देतो.

इकडे सगळं ठीक आहे. कोंबड्या अंडी देतात. भाकरी मला जमते. आकाराचं विचारू नकोस. वास आता बराच कमी झालाय. शेजारचा गहिनीनाथ परवा नाकाला रुमाल न लावता अंगणात आला, यावरून काय ते समज.

एक मात्र तुला मान्य करावं लागेल. ही अंबाडी मी बांधावर पेरली तेव्हा तू काही बोलली नाहीस. पावसाळाभर तिची भाजी केलीस, वर लसणाची फोडणी घालून गल्लीत वाटलीस. मग तीच अंबाडी वाढून वाखाला आली की वाईट? पंधरवडाभर पाण्यात कुजवल्याशिवाय तिची साल सुटत नाही. ओढ्याला पाणी नाही, म्हणून जुड्या आपल्या हौदात बुडवल्या. म्हणजे तुझ्या धुण्याच्या हौदात. विचारायला हवं होतं, हे इथंच लिहून टाकतो.

सालीचा वाख मात्र सुरेख निघालाय, धागा पिवळसर आणि लांब. चर्चच्या घंटेचा दोर तुटला तेव्हा पाळकसाहेब नायलॉनचा आणणार होते. नायलॉन हात कापतो. मी भर सभेत उठून म्हणालो, नाताळला घंटा माझ्या दोरावर वाजेल. आजोबा दोर वळून जगले. त्यांचा नातू मास्तर झाला म्हणून दोर वळू नये, असं कुठं लिहिलंय?

अडचण अशी की दोर एकट्याला वळता येत नाही. एकानं वाखाचे पेड सोडायचे, दुसऱ्यानं त्या टोकाला पीळ घालायचा. ते टोक गहिनीनाथला दिलं. तो मोबाईलवर कांद्याचा भाव विचारता विचारता उलटं फिरवू लागला, घातलेला सगळा पीळ सुटला. मग मी डोकं चालवलं. मोटरसायकल मेन स्टँडवर लावली, पेड मागच्या चाकाला बांधले आणि पहिला गिअर टाकला. पुढचं मला नीट दिसलं नाही. वाख चाकात गेला, मागोमाग माझी लुंगी गेली. गहिनीनाथ चाकाकडे बघून म्हणाला, "मास्तर, ह्यो दोर न्हाई, जिलबी हाय. बाईंला बोलवा. गाईचं दावं वळताना बघितलंय मी, त्यांचा पीळ लई बरूबर बसतो."

जाताना तू म्हणालीस, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ते मला लागलं नाही. खरं सांगायचं तर लागलं. आणि तू वासावरून गेली नाहीस, हेही मला ठाऊक आहे. महिला मंडळाच्या बायका प्रार्थनेला आल्या, नाकाला पदर लावून बसल्या. रतनबाईनं विचारलं, "मास्तर, कसला वो ह्यो वास?" आणि मी म्हणालो, "आमच्या हिनं सुकट भाजलीय." वर हसलो. तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस.

परवाच्या रविवारी उपासना संपताना मी उभा राहिलो. सांगितलं, तो वास माझ्या अंबाडीचा होता आणि मी तो बायकोच्या नावावर खपवला. मग रतनबाई म्हणाली, "आमाला ठावं हुतं, मास्तर. एलिझाबेथबाईंच्या घरात असा वास कदी यायचा न्हाई." सगळं चर्च हसलं, पाळकसाहेबसुद्धा. मला मात्र तोंड कुठं लपवावं ते कळेना. तुला त्या दिवशी असंच झालं असेल.

बाहेर पाळकसाहेब म्हणाले, "नाताळ जवळ आलाय, घेऊन या त्यांना." मी म्हणालो, आणायला गेलो तर ती येणार नाही. विचारलं तर कदाचित येईल.

हौद घासून ठेवलाय. दोर नाही झाला तर बाजारात नायलॉन आहे, घंटा वाजेल. पण तुझ्यावाचून मला घरात करमत नाही. एवढं एक वाक्य लिहायला मी सगळी अंबाडी सोलत बसलो.

एलिझाबेथ, येतेस का?

उत्तर काहीही आलं तरी तुझाच,
आमोस