कुंदाच्या मापाचा दोर

१५ मे १९३८, रविवार
निश्चय केला. कुंदाला पोहायला मीच शिकवणार. पोरगी अकरा वर्षांची झाली, ग्वारीघाट गोरखपूर मोहल्ल्यातल्या आपल्या घरापासून तीन मैलांवर, आणि अजून नर्मदेत घोटाभर पाण्यातच उभी राहते म्हणजे काय!
संध्याकाळी शेजारचे अच्युतराव आले होते. त्यांना माझा सन एकवीसचा किस्सा सांगत होतो, भर श्रावणात मी नर्मदेच्या त्या काठाला कसा गेलो तो. ते म्हणाले, गुणवंतराव, पाचव्यांदा ऐकून राहिलो. तेवढ्यात कुंदा म्हणाली, बाबा, मग गंगादशहऱ्याला आपण दोघं पोहून जाऊ. मी म्हटलं, चलो, पक्कं!
एकवीस साली मी त्या काठाला गेलो हे शंभर टक्के खरं आहे. नावेत बसून गेलो, एवढंच सांगायचं राहून जातं.

१७ मे
कमानिया गेटच्या टिनवाल्याकडून रॉकेलच्या रिकाम्या डब्याचं तोंड झाळून बंद करून आणलं. हा पाठीला बांधला की माणूस बुडूच शकत नाही. दोर कुंदाच्या कमरेच्या मापाने कापला. पद्मजा म्हणाली, अहो, जरा मोठा ठेवा, आणखी कोणाला लागला तर? कोणाला लागणार आहे? आमच्या मंडळींना प्लॅनिंग कळत नाही.

२२ मे, रविवार
पहिला लेसन. मी पायरीवरून शिकवलं. मास्तर काठावरच पाहिजे, तिथून सगळं नीट दिसतं. बुडणारा माणूस मिठी मारतो, त्याच्या हातात सापडायचं नाही, हेसुद्धा समजावलं.
कुंदाने विचारलं, बाबा, तुम्ही काहून नाही येऊन राहिले पाण्यात? सर्दी झाली म्हटलं. तुळशीराम नावाडी ऐकत होता. म्हणाला, अच्छा बाबूजी, मई में सर्दी? फार आगाऊ माणूस.

२५ मे
ऑफिसातून लवकर आलो. खोलीचं दार लोटून पाटावर पोट टेकलं आणि हात मारले. दोनशे स्ट्रोक. हात एकदम परफेक्ट. पाय मात्र जमिनीला लागत होते. पाण्यात लागणार नाहीत, एवढाच काय तो फरक.
पद्मजाने दार उघडलं. पाठदुखीचा व्यायाम, म्हटलं. तिने पाटाकडे बघितलं आणि दार परत लोटून घेतलं. तिचं हे असं बघणं मला आवडत नाही.

२९ मे, रविवार
कुंदा डब्याशिवाय पोहली! मी एवढ्याने ओरडलो की घाटावरचे लोक वळून बघायला लागले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.
आज मीही उतरलो. छातीभर पाण्यात तळावर चालायचं आणि वर हात मारायचे, ही माझी स्वतःची मेथड. कुंदा म्हणाली, बाबा, तुम्ही किती शांत पोहता!
परतताना टांग्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. पाच वर्षांची होती तेव्हा अशी झोपायची. मी घरापर्यंत हललो नाही.

५ जून, रविवार
कुंदाने आज सांगितलं, मधल्या धारेची तिला फार भीती वाटते. तिथे पाय पुरत नाहीत. पण बाबा बाजूला आहेत म्हणून जाईन, नाहीतर नाही.
आज सांगून टाकतो. चहा झाला की लगेच.
चहाच्या वेळी अच्युतराव आले. आम्ही सगळे बघायला येऊन राहिलो, म्हणाले. उद्या सांगतो.

७ जून
ऑफिसात दोन चिठ्ठ्या चुकल्या, साहेब ओरडला. कुंदाने देवापुढे दोन उदबत्त्या लावल्या, एक माझ्या नावाची. अशा वेळी काय सांगणार? नवा प्लॅन. उद्या पायरीवर पाय मुरगळून घ्यायचा. डावा. ठरलं.

८ जून, गंगादशहरा, दुपारी
पाय मुरगळायला वेळच मिळाला नाही. कुंदाने माझा हात धरला आणि उतरलीच. मागे तुळशीरामची नाव. तिच्यात डबा होता, पद्मजाने मला न विचारता ठेवलेला.
कुंदा पुढे, मी मागे, तळावर चालत. पंचवीस पावलं उत्तम. मग ती वळून म्हणाली, बाबा, धार आली, बाजूला या ना. तिचा आवाज कापत होता. मी गेलो. पुढचं पाऊल टाकलं आणि खाली तळ नव्हता.
नाकातोंडात पाणी. दोनशे स्ट्रोकांपैकी एकही आठवला नाही. कुंदा धारेतून परत फिरली. तुळशीरामने फेकलेला डबा माझ्याकडे ढकलत ओरडत होती, बाबा, मला धरू नका, डबा धरा! पायरीवरून मीच शिकवलं होतं.
काठावर अच्युतरावांनी टॉवेल दिला. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं. टांग्यात कुंदा पुढे जाऊन टांगेवाल्याजवळ बसली.

९ जून
धारेचा जोर अचानक वाढला. शिवाय सर्दी पूर्ण गेलेली नव्हती. त्यात पायात पेटका
कुंदा आली होती. कालपासून पहिल्यांदा बोलली. एकच विचारलं, बाबा, मी बुडाले असते तर?
वरचं खोडलं. तिला सगळं खरं सांगितलं, एकवीस सालच्या नावेपासून. ती खूप रडली. मीही. मग उठून गेली.

१२ जून, रविवार
सकाळी सहाला कुंदाने उठवलं. चला, म्हणाली. काठावरून नाही शिकवणार, बाजूलाच राहीन.
घाटावर तिनेच डबा माझ्या पाठीला लावला. दोर पोटापाशी हातभर कमी पडला. पद्मजाने पिशवीतून दुसरा तुकडा काढला. मेच्या सतरा तारखेलाच कापून ठेवला होता म्हणाली.