दोन घरांतलं औषध

होमा बे,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय रिस्पर,

हे पत्र तुला शेजारची पामेला आणून देईल. ती तांदूळ घ्यायला अहेरोच्या बाजारात निघाली आहे. तिला चहा दे, पण पत्रात काय आहे ते सांगू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊकच आहे. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "बरं आहे, ओबुराची आई, तुमचं?" म्हणतेस, मी "माझंही बरं" म्हणते, आणि मग दोघी फोन ठेवून देतो. म्हणून लिहायला बसले. हात सातवीपर्यंतच शाळेत गेलेला आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इकडची खबर म्हणजे काळी शेळी व्याली. दोन करडं, त्यातलं एक लंगडं, पण दूध जास्त तेच पितं. सरोवराचं पाणी यंदा फार वर आलं. होड्या बांधायची जागा पाण्याखाली गेली. आपला माणूस जिथं उभा राहून फळ्यांवर रंधा मारायचा, तिथं आता बगळे उभे असतात. ओबुरा नाताळात मोम्बासाहून आला होता, तीन दिवस राहिला, फोनकडे बघत जेवला आणि गेला. चांगला आहे तो, पैसेही पाठवतो, पण बोलायला लागला की मला शाळेतल्या मास्तरासमोर उभं राहिल्यासारखं होतं. अकुमू सियायाला तिच्या सासरी सुखात आहे. मक्याच्या पिठाची उगाली करताना माझा हात अजून दोघींच्या मापानं पीठ घालतो. उरलेली कोंबड्यांना टाकते. कोंबड्या माजल्या आहेत. आणि संध्याकाळी दार ओढून घेताना "रिस्पर, कोंबड्या आत घेतल्यास का गं?" हे तोंडातून निघून जातं. परवा आपल्या दिराच्या, ओडुंडोच्या सुनेनं ते कुंपणापलीकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती मला मासळीचं कालवण घेऊन आली. कीव केली असावी. मी ते खाल्लं, चवीला बरं होतं.

तू या घरात आलीस तेव्हा मी तुला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, आठवतं? माझ्या आईनं मला शिकवूनच ठेवलं होतं, मातीची केली तरी सवत ती सवत. तूही काही कमी नव्हतीस. माझ्या अंगणातून जाताना मुद्दाम गाणं म्हणायचीस. आणि मध्ये आपला नवरा ओदियेम्बो, न्यायाधीशासारखा. एका घरी मासा गेला की दुसऱ्या घरी तेवढाच मासा. मला लुगडं घेतलं की तुला त्याच दुकानातलं, त्याच ताग्यातलं, म्हणून बाजारात आपण शाळेच्या गणवेशातल्या पोरींसारख्या दिसायचो आणि दोघी रागानं लाल व्हायचो.

मग त्यांच्या पायाची ती जखम भरेना. गोळ्यांनी साखर आवरेनाशी झाली आणि दवाखान्यातल्या सिस्टर केरुबोनं इन्सुलिनच्या दोन बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. एक पाण्यासारखी नितळ, अर्ध्या तासात काम सुरू करणारी, एका जेवणापुरती. दुसरी दुधाळ, सावकाश चढणारी, पण लांबवर पुरणारी. सकाळी दोन्ही, संध्याकाळी दोन्ही. त्यांनी घरी येऊन काय केलं, तर मासा वाटावा तशा त्या बाटल्या वाटल्या. नितळ माझ्या घरी, दुधाळ तुझ्या घरी. औषध गार राहावं म्हणून दोघींनी ओल्या वाळूची मडकी केली, त्यात छोटं मडकं, त्यात बाटली. माझं मडकं तुझ्यापेक्षा मोठं होतं, हे मी तेव्हा सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं.

मला माझ्या बाटलीचा मोठा तोरा. म्हणायची, माझं औषध टोचताच गुण देतं, तिचं तासन् तास जागंच होत नाही. ते तुझ्या कानावर गेलं, आणि विहिरीवर सगळ्या बायकांसमोर तू घागर न उचलताच म्हणालीस, "तुमचं औषध पाहुण्यासारखं आहे, ओबुराची आई. येतं, जेवतं नि जातं. माझं संसार करतं." बायका हसून हसून घागरींच्या पाण्यानं ओल्या झाल्या. मी आठवडाभर जेवताना ते वाक्य चावत होते. आज सांगते, मलाही तेव्हा हसू आलं होतं. घागरीआड तोंड लपवलं होतं मी.

ती एक सकाळ मात्र मी विसरत नाही. तुझी कोंबडी माझ्या भाजीच्या वाफ्यात शिरली होती, त्यावरून आपण बोलत नव्हतो. त्यांनी माझ्याकडे नितळ टोचून घेतलं, तुझ्याकडे जाऊन दुधाळ टोचून घेतलं. मला वाटलं जेवण तुझ्याकडे, तुला वाटलं माझ्याकडे होऊन आलेत. आणि त्यांना कुणाच्याच घरी मागायची चोरी, कारण मागितलं की दुसरी रुसणार. ते उपाशीच होडीवर कामाला गेले. फळ्यांमध्ये डगमगायला लागले, घामानं निथळले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. कोळी म्हणाले, म्हातारा सकाळीच पिऊन आलाय, आणि हसत बसले. तू मासळी घ्यायला गेली होतीस म्हणून बरं. त्यांचा वरचा ओठ घामेजलेला तू लांबूनच पाहिलास. कुणाचा तरी चहा-साखरेचा डबा ओढून घेतलास, मुठीनं साखर त्यांच्या तोंडात घातलीस, वर चहा पाजलास, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्या हसणाऱ्यांना ज्या शिव्या घातल्यास त्यांची आठवण किनाऱ्यावर अजून निघते. मी धावत पोचले तेव्हा ते उठून बसले होते आणि विचारत होते, "जेवायला कोणाकडे आहे?"

सिस्टर केरुबो किसीकडची, आपल्या जमातीची नव्हे, तिला आपल्या थोरली-धाकटीचं काय कौतुक. तिनं आपल्या दोघींना दवाखान्याच्या बाकावर बसवलं. त्यांना बाहेर काढलं. म्हणाली, "माणूस दोघींचा आहे ना? मग त्याची साखरही दोघींची. उद्यापासून एकच सुई, एकच जागा. टोचलं की ताट समोर हवं, आणि ते कुणाच्या चुलीवरचं हे मला सांगू नका." मग तिनं शिकवलं: सुईत आधी नितळ ओढायचं, मग दुधाळ, कारण दुधाळाचा थेंब नितळ बाटलीत गेला तर ती बाटली बिघडते. दुधाळ आधी तळहातांत हलके फिरवायचं, घुसळायचं नाही. तू शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकलंस आणि मग पुटपुटलीस, "म्हणजे इथंही थोरली आधी." सिस्टर हसली. मग मीही. तुझ्यासमोर हसण्याची ती माझी पहिली वेळ.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ आंब्याखाली आपली बैठक. मी ओढून सुई तुझ्याकडे द्यायची, तू ओढून टोचायचीस, कारण तुझा हात हलका. मग तिघं एका परातीत जेवायचो. सुरुवातीला आपण फक्त औषधाचं बोलायचो. मग पावसाचं. मग तुझं ते दुसरंही बाळ पोटातच गेलं, आणि ते तू आंब्याखालीच मला सांगितलंस, त्यांच्याआधी. पुढे कधीतरी दोन्ही औषधं कारखान्यातच मिसळलेली बाटली आली. एक बाटली, एक सुई, एकीनं केलं तरी चालण्यासारखं. ते चेष्टेनं म्हणाले, "आता बाटली एक, तर बायकोही एकच पुरे." तू सुई हातात धरून विचारलंस, "मग माहेरी कुणाला पाठवता?" त्यांनी आपल्या दोघींकडे पाहिलं आणि सदरा वर केला. त्यानंतरही बाटली मीच मडक्यातून काढायची आणि टोचायचीस तूच. कुणी ठरवलं नव्हतं.

पाय वाचला, पण मूत्रपिंडांनी दगा दिला. ते तुला सांगायला नको. मातीनंतर धाकट्या दिरानं, ओडुंडोनं, तुझ्यावर हक्क सांगितला, विधवा दिराकडे जाते ही रीत म्हणून. तू नाही म्हणालीस. मीही भावकीच्या बैठकीत उठून म्हटलं की ती नाही म्हणते तर नाही, आणि त्यावर मला सांगण्यात आलं की म्हाताऱ्या बाईनं चुलीपाशी बसावं. मग भावकीनं तुझं पाणी बंद केलं, तुझ्या शेतात गुरं सोडली. तू गादी गुंडाळून मोटरसायकलच्या मागं बांधलीस आणि माहेरी कानोला निघालीस. मी तुला अडवलं नाही, कारण तुला इथं कसं ठेवायचं हे मला ठाऊक नव्हतं. तू वळून पाहिलंस तेव्हा मी हात वर केला होता. धुळीत तुला दिसला की नाही कोण जाणे.

आता ओडुंडो बदलला आहे. त्याचा स्वतःचा मुलगा त्याला विचारत नाही, बायको आजारी आहे. परवा कुंपणापाशी येऊन त्यानं स्वतःहून विचारलं, कानोकडची कशी आहे म्हणून. मी म्हटलं, तुला काय करायचंय. तो म्हणाला, "काही नाही, वहिनी. तिचं घर पडायला आलंय, त्यावर गवत टाकू का एवढंच विचारत होतो." मी टाक म्हटलं. त्यानं टाकलं आहे. दारापुढचं अंगण मीच सारवून घेतलं.

आता जे लिहायला बसले ते. मागल्या वर्षापासून मला फार तहान लागायची, लुगडं कमरेवर राहिना. मी कुणाला विचारलं नाही. एवढी वर्षं ज्या घरात ते दुखणं नांदलं, त्या घरातल्या बाईला काय विचारायला लागतं. गोळ्या घेतल्या, पुरल्या नाहीत. गेल्या बुधवारी सिस्टर केरुबो म्हणाली, आता इन्सुलिन. मला एकच, दुधाळ, तुझी ती संसार करणारी, झोपताना टोचायची. टोचायला मी भीत नाही. पण सिस्टर म्हणाली, हे औषध पहाटेकडे जोरात येतं, झोपेतच साखर उतरली तर माणसाला स्वतःला कळत नाही. घाम येतो, बरळतं. जवळच्यानं ते ओळखून हलवून उठवावं लागतं आणि गोड पाजावं लागतं. मग तिनं विचारलं, "घरात कोण असतं?" मी ओबुराचं नाव सांगितलं, अकुमूचं सांगितलं. ती म्हणाली, "पोरं कुठं आहेत ते नाही विचारलं मी. तुम्ही कण्हलात तर कुणाला ऐकू येईल?" बाहेर रांग लागलेली, ती लेखणी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "माझी सवत असते." सिस्टर म्हणाली, "ती? मग मला काळजी नाही," आणि बाटली माझ्या पिशवीत ठेवली. रिस्पर, ती बाटली ओल्या वाळूत आहे, अजून उघडलेली नाही. तुझ्या भावजयीच्या चुलीवर तुझं बरं चाललं असेल, भाताच्या शेतात तुझी गरज असेल, तर तसं पामेलाजवळ सांग. मी येत्या बुधवारी सिस्टरला खरं काय ते सांगेन. ती गोळ्यांवर काहीतरी करेल. मनावर दगड ठेवून येऊ नकोस. आणि दुखण्यासाठी बोलावते आहे असं समजू नकोस, कारण दुखणं नव्हतं तेव्हाही मला तुला बोलवायचं होतं, फक्त सवतीला काय म्हणून बोलवायचं ते सुचत नव्हतं.

तुझीच,
सिप्रोसा